तिला पाणी किती लागतं?

आमच्या कुंभारीत पाण्याचा विषय निघाला की तो हंड्याकळशांचाच असतो. नळ आज आला का, टाकी भरली का, बोअरला पाणी राहिलंय का, दुसरं काही नाही. त्यामुळे एप्रिलच्या भर दुपारी दादाचा फोन आला आणि त्याने ‘हॅलो’सुद्धा न म्हणता विचारलं, “तिला पाणी किती लागतं गं?” तेव्हा मी आपली सरळ हिशेब सांगायला लागले, की चार माणसं, धुणंभांडी, शिवाय सासूबाईंचं सोवळ्याचं वेगळं...

“अगं, तुझ्या घराला नव्हे! कृष्णाईला!”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कृष्णाई म्हणजे आमच्या माहेरची शिडाची होडी. आजोबांनी बांधून घेतलेली, आजीचं नाव दिलेली. बी.ए.ला असताना इतिहासाच्या निबंधासाठी मी आजोबांची जुनी वही आणली होती, ती परत द्यायची राहिली आणि लग्नात माझ्या ट्रंकेतून इकडे सोलापूरला आली. वहीत आजोबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: लांबी बत्तीस फूट, नीरम भरल्यावर पाणी लागतं साडेपाच फूट.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा ती खोड जायची नाही. होडी पाण्यावर तरंगते असं आपण म्हणतो, पण तिचा बराचसा भाग पाण्याखाली असतो. तेवढं पाणी खाली असल्याशिवाय ती जाऊ शकत नाही. म्हणून कोकणात विचारतात, हिला पाणी किती लागतं? सपाट तळाच्या होडीला गुडघाभर पुरतं. कृष्णाईसारख्या खोल पोटाच्या शिडाच्या होडीला पुरुषभर लागतं. तिच्या तळाशी पुढून मागपर्यंत एक जाड वासा जातो, त्याला पठाण म्हणतात. तो जितका खोल, तितकी होडी बाजूच्या वाऱ्याला पाण्यात घट्ट धरून राहते. शिवाय पोटात तळाला दगड रचलेले असतात, तो नीरम. वर शिडावर वारा जोर करतो, खाली दगड तिला सरळ ठेवतात.

आमच्या वर्गातल्या मुलींना हे समजेना. मग मी त्यांना सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज आठवायला सांगितले. संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात सात काठ्यांची मिरवणूक निघते, ती कोणी पाहिली नाही? एवढी उंच काठी धरणारा माणूस हातांनी धरत नाही, कमरेने धरतो. सगळा भार खाली घेतो, पाय रोवतो, म्हणून वरचा शेंडा डोलला तरी काठी पडत नाही. “होडीचं तसंच असतं,” असं म्हटल्यावर बिडी वळणाऱ्या बाईची एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे दगड हेच तिचे पाय!” मला हे उत्तर पुस्तकापेक्षा बरं वाटलं.

तर कृष्णाईचं पाणी मोजायची वेळ का आली?

माझं माहेर विजयदुर्गचं. तिथलं बंदर चांगलं खोल, तिन्ही बाजूंनी आडोसा असलेलं. मोठमोठ्या गलबतांना तिथे आसरा होता, म्हणूनच तर किल्ला तिथे आहे आणि पुढे आंग्र्यांचं आरमार तिथे राहिलं. बाबांचा जन्म त्या पाण्याकाठी गेला. मालाची वाहतूक ट्रकांकडे गेल्यावर गावातल्या शिडाच्या होड्या एकेक करून मोडीत निघाल्या. बाबांनी कृष्णाई तेवढी ठेवली. कधी मासे, कधी आंब्याच्या पेट्या, आणि बहुतेक वेळा काहीच नाही, नुसतंच जायचं आणि यायचं. दर वर्षी पावसाळ्याआधी वर ओढायची, फटींत कापसाच्या वाती ठोकायच्या, तेल पाजायचं. त्या तेलाचा वास आईच्या साड्यांनाही यायचा. आई म्हणायची, “माझी सवत आहे ती. माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त.” सगळे हसायचे, आईही हसायची. पण ते सगळंच हसण्यावारी नव्हतं, हे मला माझं लग्न झाल्यावर समजलं.

त्या वर्षी आई विहिरीच्या पायरीवर घसरली. मनगट मोडलं. बाबा होडीवर होते, दोन तास तिला कोणी पाहिलं नाही. दादा देवबागला राहतो. वहिनीचं माहेर तिथलं, त्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात. दादा म्हणाला, आता पुरे, दोघं माझ्याकडे चला. आई लगेच तयार झाली. बाबा म्हणाले, “कृष्णाई येत असेल तर येतो.”

आणि इथेच घोडं अडलं. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. गाव सुंदर, पण पाणी उथळ. खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे आज इथे, उद्या तिथे. ओहोटीला मधोमध वाळूचं बेट वर येतं, त्याला लोक ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात, तिथे पर्यटक उतरून फोटो काढतात. जिथे माणसं घोटाभर पाण्यात उभी राहतात, तिथून साडेपाच फूट पाणी लागणारी होडी आत कशी न्यायची?

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एक म्हणाले, विकून टाका, एखादं हॉटेल अंगणात ठेवील, मुलं आत बसून आइस्क्रीम खातील. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. दादाचं म्हणणं, खालचं पठाण दीड फूट कापू, म्हणजे उथळ पाण्यात चालेल. त्यावर गावातले म्हातारे मेस्त्री म्हणाले, “काप. पण मग शीड उभारू नको. वारा येईल तशी ती बगलेला सरकत जाईल, आणि जोराचा आला की आडवी होईल. ती होडी राहणार नाही, पेटी राहील.”

उथळ पाण्याचा उपयोगही असतो, हे मी दादाला फोनवर सांगून पाहिलं. १६७९ साली खांदेरीच्या बेटावरून इंग्रजांशी झगडा झाला, तेव्हा महाराजांच्या छोट्या, कमी पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्री रसद पोहोचवायच्या आणि नागोठण्याच्या खाडीत शिरून बसायच्या. इंग्रजांच्या खोल तळाच्या जहाजांना मागे येता येत नसे. दादा म्हणाला, “बाई, आपली होडी इंग्रजांच्या बाजूची आहे, त्याचं काय ते सांग.”

मे महिन्यात शाळेला सुटी लागली. ह्यांना आणि मुलांना सासूबाईंकडे सोपवून मी देवबागला गेले. सासूबाईंनी बरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचा डबा दिला. एक काळ होता, त्या मला माहेरी जा म्हणायच्या नाहीत. पण ते पुढे.

तिथे जाऊन मी पहिलं काम केलं ते मोजणीचं. एका बांबूवर फुटाफुटाला रंगाच्या रेघा ओढल्या, वहिनीच्या भावाची छोटी होडी घेतली आणि चार दिवस ओहोटीला आणि भरतीला दांड्यावरचं पाणी मोजून वहीत लिहिलं. भरतीची वेळ काढायला कोळ्यांची सोपी रीत आहे, तुम्हीही कॅलेंडर बघून करू शकता. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे भरतीला पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.

माझ्या वहीचा निष्कर्ष असा निघाला: अमावास्येच्या भरतीला दांड्यावरच्या सगळ्यांत खोल वाटेने साडेसहा फूट पाणी मिळेल. अष्टमीला साडेचारच. म्हणजे आणायची तर अमावास्येलाच.

आई म्हणाली, “अमावास्येला कोणी नव्या घरात पाऊल टाकतं का?”

बाबा म्हणाले, “समुद्राचो मुहूर्त अमावास्येकच. त्या दिवशी त्याचा पोट भरलेला असता.”

मी म्हटलं, साडेसहातून साडेपाच गेले, हाती एकच फूट उरतो. लाट आली की होडी वरखाली होणार, खाली येईल तेव्हा तळ लागणार. मालवणलाच नीरमाचे दगड काढा, अर्धा फूट तरी वर येईल. आजोबांच्या वहीतही तसंच लिहिलंय. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. “बापाशीन रचलेले दगड आसत ते. हात लावूचो नाय.”

१९ मे २०२३, वैशाख अमावास्या. बाबा, दादा आणि दोन खलाशी पहाटे विजयदुर्गहून निघाले. समुद्रमार्गे अंतर साधारण पासष्ट किलोमीटर. दुपारच्या भरतीला पोहोचायचं ठरलं होतं, पण वारा आचऱ्यासमोर पडला आणि छोटं इंजिन रुसलं. होडी आली तेव्हा संध्याकाळ, ओहोटी लागलेली. शहाण्या माणसाने बाहेर नांगर टाकून दुसऱ्या दिवसाच्या दुपारची वाट पाहिली असती. पण बाहेर लाट वाढत होती आणि बाबांना घाई झाली होती. ते रात्रीच्या भरतीला आत घुसले.

मी आणि आई किनाऱ्यावर बॅटऱ्या घेऊन उभ्या होतो. काळोख असा, की आपला हात दिसू नये. साडेअकराच्या सुमाराला लाटांच्या आवाजात एक वेगळाच आवाज आला, जड पाट्यावर वरवंटा आपटावा तसा. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. आणि मग दादाची हाक. कृष्णाई दांड्यावर बसली होती.

भरल्या भरतीला रुतलेली होडी म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच्या बाईला सांगावं लागत नाही. ओहोटीला रुतली तर पुढची भरती तिला उचलते. उधाणाच्या भरतीला रुतली, तर तेवढंच पाणी पुन्हा एक-दोनदा येतं आणि मग उतरायला लागतं, ते थेट पौर्णिमेपर्यंत. पंधरा दिवस वाळूवर आपटत राहिली तर उरतो तो लाकडांचा ढीग. आणि पंधरा दिवसांनी जून लागणार होता.

पहाटे पाणी उतरलं. कृष्णाई एका कुशीवर कलंडून वाळूत पडली होती, भोवती घोटाभर पाणी. मी तिला अशी कधीच पाहिली नव्हती, पठाण उघडं पडलेली. लाज वाटावी असं ते दिसत होतं. बाबा तिच्याजवळ वाळूत बसले होते, एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. दादा समजूत घालत होता, दगड काढू या. बाबा मान हलवत होते. नाही.

तेवढ्यात आई माझ्या बाजूने पुढे गेली. नऊवारीचा ओचा खोचलेला, मोडून नुकतं जुळलेलं मनगट फडक्यात बांधलेलं. घोटाभर पाण्यातून ती चालत गेली, काठावरून आत वाकली आणि डाव्या हाताने पहिला दगड ओढला. तो तिला पेलेना. तो तिच्या पायाशी पाण्यात पडला. ती बाबांना म्हणाली, “चाळीस वर्षां मी हिची वाट बघलंय. रात्री बघलंय, वादळात बघलंय. आता तुमी बघा. दगड ठेवायचे की बोट?”

कोणी बोललं नाही. मग बाबा उठले. त्यांनी तो दगड उचलला आणि छोट्या होडीत ठेवला.

त्यानंतर काय झालं ते सांगताना मला अजून हुरूप येतो. वहिनी, तिची आई, शेजारच्या बाया, आम्ही सगळ्या रांगेत उभ्या राहिलो आणि दगड हातोहात देत गेलो. शंभरावर काळे दगड, एकेक वीस-पंचवीस किलोचा. पुरुषांनी माडाच्या ओंडक्यांचे टेकू लावून होडी आधाराने धरली, म्हणजे पाणी चढताना फळ्यांवर ताण येऊ नये. नऊपर्यंत पोट रिकामं झालं. दादाने नांगर छोट्या होडीतून आतल्या खोल पाण्यात नेऊन टाकला आणि दोर ताणून धरला. साडेअकराला पाणी चढलं. सकाळचा समुद्र शांत होता. ती आधी थरथरली, मग सरळ झाली, मग अगदी अलगद, झोपेतून उठलेल्या बाईसारखी, दोराच्या ओढीने आत सरकली. माझ्या हिशेबातला अर्धा फूट कामी आला. त्याच संध्याकाळी आतल्या डोहात तेच दगड पुन्हा रचले. बाबांनीच रचले, आजोबांच्या वहीतला क्रम बघून.

पुढे जूनच्या सुरुवातीला अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठलं. ते गुजरातकडे गेलं, पण आपल्या किनाऱ्यावरही लाटा उसळल्या. कृष्णाई तेव्हा खाडीत सुखरूप होती.

आता सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. बाबांना मनात येईल तेव्हा निघता येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच दिवस मिळतात, तेही भरतीच्या तासाभरात बाहेर पडायचं आणि पुढच्या भरतीला परत यायचं. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा ती बोटभर जास्त बुडते. (मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं आणि साध्या पाण्यात बुडतं, तेच कारण.) बाबा कुरकुरतात. विजयदुर्गचं पाणी आठवतं त्यांना. पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी भरतीच्या वेळा आता आई लिहिते, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, गेल्या दोन वर्षांत, ती तीनदा बाबांबरोबर होडीवर गेली आहे. एकदा तिने सुकाण धरलं म्हणे. बाबांनी मला फोनवर हळूच सांगितलं.

आणि माझं? जिथे पाऊस धो धो पडतो, तिथून मी वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या गावात आले. घरात मासा शिजत नव्हता, बोलीला हसत होते. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, इथे राहायचं तर आपलं काहीतरी कापून टाकायला हवं. बरंच कापायला निघालेही होते. शिकवायला जाणं सोडणार होते, माहेरची वही परत पाठवणार होते. सासूबाईंशी बोलणं तुटलं होतं. मग एका उन्हाळ्यात त्या तापाने आजारी पडल्या. रात्री उशाशी बसून मी त्यांना उगाच आमच्या बंदराच्या गोष्टी सांगितल्या, माझ्याच बोलीत. बऱ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, “पुढचं सांग की. ती होडी परत आली का नाही?” तेव्हापासून आमच्या घरात पाणी थोडं चढलं. रोज भरती नसते. पण ती येते, हे कळलं की माणूस ओहोटीला घाबरून स्वतःला तासत बसत नाही. ओझं तेवढं थोडा वेळ खाली ठेवायचं, आणि आत पोहोचलं की पुन्हा घ्यायचं.

सगळ्याच जणींना हे जमतं असं नाही, तेही मला माहीत आहे. कुणाच्या दांड्यावर साडेसहा फूट पाणी कधीच चढत नाही. त्यांना ‘वाट पाहा’ म्हणायचा मला अधिकार नाही.

२०२४ च्या दोन ऑक्टोबरला नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीची प्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परत आल्या. त्यांचा फोटो मी वर्गात लावला आहे. ती बिडीवाल्या बाईची मुलगी रोज त्याच्याकडे बघते. परवा तिने विचारलं, “बाई, हिला पाणी किती लागतं?”

देवबागहून निघताना बाबांनी मला नीरमातला एक छोटा दगड दिला. म्हणाले, एकाने काही बुडत नाही. तो आता आमच्या लोणच्याच्या बरणीत फोडींवर दडपण म्हणून असतो. यंदा सासूबाईंनी तो स्वतःच धुऊन, उन्हात वाळवून ठेवला होता.